धूरवाले काका

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात, त्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. त्यातलं शेवटचं वर्षभर माझ्या अंगाला, केसांना, लॅपटॉपच्या बॅगेलासुद्धा धुराचा वास येत होता. गॅरेजवरची खोली माझी, आणि मागच्या अंगणात घरमालक काका लाकडं पेटवून बसलेले. वारा दक्षिणेचा असला की सगळा धूर सरळ माझ्या खिडकीत. एकदा ऑफिसात मीटिंग चालू असताना शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्यानं डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि मला विचारलं, "हिकरी?" हिकरी म्हणजे इकडचं एक जळाऊ लाकूड, हे मला तोवर पक्कं पाठ झालं होतं. मी मान डोलावली. काय करणार!

घरी येऊन काकांना तावातावानं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उजळला.

"लाकूड ओळखलं त्यानं? बाप्पा! किती वाजता?"

"साडेनऊला. पण काका, माझा कुर्ता नवा होता हो!"

"आणि घरून निघाली होतीस आठला. म्हणजे दीड तास टिकला वास." आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

माझ्या कुर्त्याचं वाटोळं झालं ते झालं, ह्यांना त्यात डेटा मिळाला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

काका नागपूरचे. तीस वर्षं औषधांच्या कंपन्यांत क्वालिटीत होते. म्हणजे गोळ्यांची बॅच तयार झाली की ती बाजारात जाऊ द्यायची का नाही, हे ठरवणारा माणूस. ज्याला पगारच 'नाही' म्हणायचा मिळतो, तो घरात कसा वागत असेल, विचार करा. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात वॉशिंग मशीन वापरण्याची सात पानी कार्यपद्धती ठेवली. वर लिहिलं होतं, 'आवृत्ती चौथी'. मी विचारलं, "आधीच्या तीन कुठं गेल्या?" तर म्हणाले, "आधीच्या भाडेकरूंनी चुका केल्या ना, त्यातून सुधारणा झाल्या." माझ्यामुळे पाचवी निघाली. मोज्यांसंबंधी होती.

काकू मात्र साध्या, गोड आणि कमी बोलणाऱ्या. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या कार्यपद्धतींपैकी एकही वाचली नव्हती. मशीन त्यांचं बिनबोभाट चालायचं.

मग एक दिवस काकांचा लेऑफ झाला. कंपनी विकली गेली, नव्या मालकांना जुना 'नाही' म्हणणारा नको होता. दुपारी बारा वाजता खोकं घेऊन घरी आले, वरणभात जेवले आणि झोपले. काकू जिन्याशी येऊन मला म्हणाल्या, "दुपारी झोपले गं. तीस वर्षांत कधी झोपले नव्हते." ह्या वयाच्या माणसांना पुन्हा नोकरी मिळवताना काय होतं, ते मी ऑफिसात बघत होते.

चार दिवसांनी घरासमोर एक ट्रेलर येऊन उभा राहिला. त्यावर काळाकुट्ट, आडवा, माझ्यापेक्षा लांब लोखंडी पिंप. एका टोकाला आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. मधे मांस ठेवायचं, आणि आगीनं नव्हे, धुरानं सावकाश शिजवायचं. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गुडघे गेले म्हणून ते विकायला काढलं होतं. पुढचे दोन महिने दर रविवारी काका त्याच्याकडे शिकायला जायचे. म्हाताऱ्याचं इंग्रजी खास तिकडच्या खेड्यातलं, ह्यांचं नागपूरचं. मी एकदा बरोबर गेले होते. त्यांचं एकमेकांशी चाललेलं बोलणं मला एक अक्षर कळलं नाही, त्या दोघांना सगळं कळत होतं.

त्या पिंपाचं नाव काकांनी ठेवलं आत्याबाई. "पाहा, कोपऱ्यात बसून धूर सोडत राहते. घाई केली की रुसते. वारा बदलला की रुसते. पण हिच्याशिवाय घरातलं कार्य पार पडत नाही." कंपनीच्या ओळखपत्राचा निळा पट्टा तेवढा परत द्यायचा राहून गेला होता. त्याला आता मांसात खुपसायचा थर्मामीटर लटकू लागला. तो गळ्यात घालून काका सकाळी सव्वाआठला, म्हणजे ऑफिसच्याच वेळेला, मागच्या दारानं अंगणात जायचे. जाताना काकूंना सांगायचे, "येतो गं."

बार्बेक्यूचं केटरिंग करायचं, पण विकायचं कधी? सलग तीन बॅच पास झाल्याशिवाय नाही! औषधाला तो नियम, तर कोंबडीला का नाही? कोंबडीला बॅच नंबर, बोकडाच्या मांडीला बॅच नंबर. दोन बॅच झकास जमल्या आणि तिसरीत एखादी तंगडी जरा कोरडी निघाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नापास बॅचवर लाल चिकटपट्टी लावून 'रिजेक्ट' लिहायचे आणि माझ्या दारात ठेवून जायचे. त्या रिजेक्टवर मी कित्येक महिने जगले. खोटं कशाला बोलू, इतकं मऊ मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं. पण आम्ही पडलो कोल्हापूरचे. मी म्हणाले, "काका, सगळं खरं, पण तिखट कुठाय? आमच्याकडं मटण असं करतात की कानातून धूर निघतो."

"तुमच्या कोल्हापूरले तिखट घालतात ते पुरावा नष्ट करायले," काका म्हणाले. "मांस चांगलं होतं का वाईट, कोणाले कळलंच नाही पाहिजे."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी रिजेक्ट बोकड आला, मग बोलले.

सोसायटीवाल्यांची पत्रंही यायची, धुराची तक्रार. कॅरीत तुमच्या लेटरबॉक्सचा रंग सोसायटी ठरवते, तिथं आत्याबाईंना कोण सोडतंय! काकांनी पहिल्या पत्राला अकरा पानी उत्तर पाठवलं, वाऱ्याच्या दिशेच्या तक्त्यांसकट. मला वाटतं ते वाचायला लागू नये म्हणूनच त्यांनी दुसरं पत्र चार महिने पाठवलं नाही.

आणि काकू? काकूंनी आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. पण व्हिनेगर आणि मिरचीचा तिकडचा तो पातळ सॉस त्याच करायच्या, लोणच्याच्या अंदाजानं, वासावर. एक अट मात्र घातली होती. मक्याची कणसं भाजायला त्यांची वेगळी शेगडी हवी, तिला मांसाचा हात लागता कामा नये. काकांनी ती अट तत्काळ मान्य केली आणि तिचीही कार्यपद्धती लिहिली.

खरी अट दुसरीच होती. मुलगी डॅलसला, तिला आठ महिन्यांची मुलगी. ती रोज फोन करायची, "आई, बाबा, घर विका आणि इकडे या. जस्ट मूव्ह!" काकूंना जायचं होतं. काकांना नव्हतं. ते एकदा आत्याबाईंच्या पेटीत लाकूड सरकवता सरकवता मला म्हणाले, "तिथं जाऊन मी कोण? सकाळी बाबागाडी ढकला, दुपारी तिले झोपवा, संध्याकाळी जावई आला की टीव्हीचा रिमोट त्याले द्या. अजून संपलो नाही ना मी, बाप्पा."

शेवटी दोघांत करार झाला. एक वर्ष, पुढच्या जूनअखेरपर्यंत. ओळखीपाळखीच्या लोकांनी कौतुकानं दिलेल्या ऑर्डरी धरायच्या नाहीत. ज्यांनी आपलं नावही ऐकलेलं नाही अशा परक्या लोकांच्या तीन ऑर्डरी आल्या, तर धंदा खरा आणि मुक्काम कॅरीत. नाही आल्या, तर डॅलस. परक्यांची अट काकांनीच घातली. काकू म्हणत होत्या, अहो राहू द्या. पण हा माणूस स्वतःला कुठली सूट देईल तर शपथ!

हिवाळ्यात तीन बॅच एकदाच्या पास झाल्या. काउंटीचा, म्हणजे इकडच्या जिल्ह्याचा, परवाना आला, मसाला लावायला तासावर एक किचन घेतलं, ट्रेलर जागेवर नेऊन तिथंच शिजवायचं ठरलं. ऑर्डरी आल्याही, पण सगळ्या ओळखीच्या. कोणाचा पन्नासावा वाढदिवस, कोणाची हाउसवॉर्मिंग. मे संपला तरी परक्याच्या नावाची एक ऑर्डर नव्हती. काका पट्टा घालून सव्वाआठला अंगणात जायचे, पण जेवण कमी झालं होतं. माझाही जीव टांगणीला लागला होता. मला त्यांनी जायला नको होतं, सरळ सांगते. परदेशात घरमालक पुष्कळ मिळतात, पण ताप आला तर दर दोन तासांनी तो मोजून तक्त्यात लिहिणारा कुठून आणायचा?

आता भिस्त होती इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकवर. जूनमधला शनिवार, तळ्याकाठचं पार्क, दीडशे माणसं. ही ऑर्डर ओळखीचीच, पण पाहुण्यांमध्ये ऑफिसातले लोक येणार, शेजारच्या गावातले येणार. तिथं नाव झालं तर परके येतील. मंडळानं दिलेल्या तारखेला होकार कळवायच्या आधी काका स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. ते कॅलेंडर दरवर्षी नागपूरहून त्यांचा भाचा पाठवायचा. त्यांनी विचारलं, "अवं, ह्या शनिवारी काही उपास-तापास नाही ना?"

काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या कॅलेंडरवर तर नाही दिसत."

मी तिथंच चहा पीत होते. मला त्यात काही खटकलं नाही.

पिकनिकच्या दिवशी पहाटे चारला काका आणि काकू पार्कात पोचले. आगीपासून फोन लांब असावा म्हणून काकांनी तो गाडीत ठेवला होता. मी साडेदहाला पोचले तेव्हा वास असा सुटला होता की तळ्यावरची बदकंसुद्धा अस्वस्थ झाली असतील. गाडी लावता लावता मी फोन बघितला. देवळाच्या गुरुजींचा ग्रुपवर मेसेज होता, आज संकष्टी चतुर्थी, चंद्रोदय अमुक वाजता.

मी धावत गेले. "काका, आज संकष्टी आहे!"

"उद्या," काका शांतपणे म्हणाले. "कॅलेंडर पाहिलं मी."

"उद्या इंडियात! इथं आज!"

प्रत्येक थर्मामीटर दर महिन्याला तपासणारा हा माणूस, आणि नागपुरात छापलेलं कॅलेंडर कॅरीच्या चंद्राला लावून मोकळा झाला होता!

साडेअकरापर्यंत माणसं आली आणि मांडवाखाली चंद्रावरून जुंपली. एक गृहस्थ म्हणत होते, गणपती एकच, मग तिथी दोन कशा? एक बाई म्हणत होत्या, राहता इथं, पगार इथला घेता, मग चंद्र तिथला कशाला? एका नागपूरकराचं म्हणणं पडलं की यार, दोन्ही दिवस धरा नाहीतर दोन्ही सोडा. तावातावानं बोलत होते सगळे, पण ताटं घेऊन कोणी पुढं येईना. साठेक जणांचा उपास होता. उरलेल्यांतले बहुतेक म्हणाले, उपास नाही, पण आजच्या दिवशी नॉनव्हेज नको. त्यांनी कणसं आणि पाव दहा मिनिटांत संपवले. आत्याबाईंच्या पोटात ऐंशी माणसांची कोंबडी आणि बोकड, आणि रांगेत वीस माणसं, त्यातली बारा पोरं.

मंडळाचे अध्यक्ष घाम पुसत आले. "काका, निदान तुम्ही तरी बघायला हवं होतं."

तारीख मंडळानं ठरवली होती. मी तोंड उघडणार इतक्यात काका एका बाकावर चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, चूक माझी आहे. पंचांग मी तपासायले पाहिजे होतं, तपासलं नाही."

मराठी मंडळात 'चूक माझी' हे शब्द कोणी उच्चारलेले त्या मंडळींनी पहिल्यांदाच ऐकले असावेत. काका खाली उतरले. चेहरा राखेसारखा झाला होता. लेऑफच्या दिवशीसुद्धा मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. "गाडी काढ."

"कुठं जायचं?"

"तू काढ आधी."

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "येताना रस्त्याला तो शेतकऱ्याचा स्टॉल नाही का? रताळी असतात त्याच्याकडे. पोत्यानं असतात. शेंगदाणेही असतात." आणि खरंच की! नॉर्थ कॅरोलायनात जिकडे बघाल तिकडे रताळी आणि शेंगा. उपासाचं सगळं सामान ह्या राज्यात रस्त्याच्या कडेला विकायला ठेवलेलं, आणि आम्ही साबुदाणा शोधत इंडियन दुकानं पालथी घालतो.

मी म्हणाले, "काकू, ग्रेट आहात!"

तर काकू रडायलाच लागल्या. मी घाबरून गाडी कडेला थांबवली.

"मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "महिन्याभरापासून माहीत होतं. देवळातलं इथलं पंचांग माझ्या देवघरात आहे. त्यांनी विचारलं तेव्हा मी मुद्दाम तसं बोलले. वाटलं, पिकनिक फसली की संपेल हे सगळं, जाऊ आपण पोरीकडे. माझी नात मला फोनमध्ये बघून हसते. पण तिला माझा वास माहीत नाही गं. उद्या भेटले तर परकी समजून रडेल." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पण आत्ता त्यांचा चेहरा पाहवला नाही मला. हलव गाडी."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

तीन पोती रताळी आणि शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आम्ही परतलो. काकूंनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "माझी शेगडी वेगळी आहे, तिला मांस लागलेलं नाही, शंका असेल त्यांनी येऊन वास घ्या." चौघी खरोखर वास घेऊन गेल्या. सगळं शांत झाल्यावर काका हिकरीचे निखारे घेऊन आले, काकूंच्या शेजारी बसले आणि रताळी फिरवायला लागले. तासाभरात सालीतून पाक गळायला लागला. वर तूप, दाण्याचं कूट, मीठ, लिंबू. "मीठ साधं की सैंधव?" कोणीतरी विचारलंच. काकूंनी नुसतं बघितलं, ती बाई ताट घेऊन गेली. लोकांनी दोनदोनदा घेतलं. उपास नसलेले उपासाचं खायला लागले, हे आपल्याकडचं सर्वात मोठं सर्टिफिकेट.

मांस तसंच होतं. शेजारच्या शेडमध्ये चर्चच्या लोकांचं संमेलन चाललं होतं, ते सकाळपासून नाक वर करून आमच्याकडे बघत होते. काका चार ट्रे घेऊन तिकडे गेले. म्हणाले, आमचा आज देवाचा दिवस आहे, तुम्ही खा. त्यांच्यातली एक पांढऱ्या केसांची आजी एक घास घेऊन थांबली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

जून संपायच्या आत तीन ऑर्डरी आल्या. एक त्या चर्चची, एक त्या आजीच्या नातवाच्या लग्नाची, एक कोणा शाळेची. तिन्ही परक्या. मी तर खोलीत एकटी नाचले.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातून आले तर हिरवळीवर पाटी. घर विकणे आहे. मागे गेले तर काका आत्याबाईंच्या ट्रेलरवर दोऱ्या आवळत होते.

"काका, हे काय? जिंकलात की तुम्ही! चर्चवाले, लग्नवाले, सगळे परके!"

"त्या तीन ऑर्डरी करूनच जाऊ. शब्द दिला ना."

"पण जायचंच कशाला?"

काकांनी दोरीची गाठ पुरी केली. "तिनं सांगितलं मला. पिकनिकहून घरी आल्यावर, त्याच दिवशी."

"रागावलात?"

"रागावलो ना. दोन दिवस बोललो नाही. मग विचार केला. पोरी, एकतीस वर्षं झाली लग्नाला. भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट वाढायच्या आधी सांगते ती. सगळ्या आयुष्यात एकदा, एकदाच तिनं माझ्यापासून काही लपवलं. म्हणजे केवढं पाहिजे असंल तिले ते! आणि वर्षभर माझ्या बाजूला बसून ती माझा सॉस करून राहिली होती."

त्यांनी बांधलेली गाठ उगाच पुन्हा आवळली. मी दुसरीकडे बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आतून काकूंचा फोनवरचा आवाज येत होता. "नाही गं बाळा, आम्ही नाही येत. मी सांगते ना, पाटी उद्या काढायला लावते. ह्यांचा इथं जम बसलाय, लोक विचारत येतात. मी येईन अधूनमधून, महिनाभर राहीन. रडू नको."

काका खिडकीशी गेले. काकू चमकल्या आणि फोन छातीशी धरला. त्यातून मुलीचा आवाज येत राहिला, "आई? आई, व्हॉट हॅपन्ड?"

"अवं," काका म्हणाले, "विचार तिले, तिच्या घरामागे अंगण केवढं आहे."